मदत हवी आहे: फेरेटचे मागचे पाय लुळे पडतायत (जळगाव)

नमस्कार दादा-ताईंनो. आमची चिंगी, चार वर्षांची फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी). आठवडाभर ती हलवल्याशिवाय उठत नाहीये. उठली तरी मागचे पाय ओढत चालते, मध्येच थांबून शून्यात बघत बसते. काल संध्याकाळी लाळ गळत होती आणि पुढच्या पंज्यांनी ती तोंड सारखं खरवडत होती, दातात काहीतरी अडकल्यासारखं. तोंड उघडून पाहिलं, काहीच नाही. हिरड्यांवर जरासा मध चोळला, तर थोड्या वेळात स्वतःहून वाटीकडे गेली!

आधी उन्हाचंच वाटलं. या जिवाला तिशीपुढचं तापमान सोसत नाही, आणि आपल्याकडचा मे तर माहीतच आहे. पण ती दिवसभर एसीत असते, अंगही तापलेलं नाही. मधाने तरतरी आली म्हणजे साखर उतरत असणार. स्वादुपिंडात गाठ होऊन इन्सुलिन जास्त सुटतं, तो इन्सुलिनोमा ३ वर्षांपुढच्या फेरेटमध्ये बराच आढळतो. मला त्याचीच धास्ती आहे.

आमचे डॉक्टर गाई-म्हशी, कुत्री बघतात. माणूस फार चांगला, पण फेरेट त्यांनी कधी हाताळलेलं नाही. जळगाव, भुसावळ, धुळे, नाहीतर नाशिकला फेरेट बघणारं कोणी आहे का? साखर तपासण्याआधी तीन-चार तास उपाशी ठेवतात म्हणे. अशा अवस्थेत ते झेपेल का? रेल्वेने नेलं तर वाटेत काय, किती वेळाने भरवायचं?

रात्रीच निघायची तयारी आहे. कोणाला अनुभव असेल तर लगेच सांगा, प्लीज.