स्लोव्हेनियनमधे पगार, मानधन, रेकग्निशन कसं लिहायचं?

प्रश्न (जळगाव): एचआर ॲपचे शब्द इंग्रजीतून स्लोव्हेनियनमधे करायचेत. आपल्याकडे मजुरी वेगळी, पगार वेगळा न मानधन अजूनच वेगळं, तिकडे तसं आहे का भाऊ?

धुळ्याहून: दादा, वेज न सॅलरी दोन्हीला 'प्लाचा' घे, तिथल्या कामगार कायद्यातला शब्द आहे, 'मेझ्दा' आता जुना वाटतो. मानधनाला 'होनोरार', लेखक-अनुवादकांना मिळतं ते. 'प्लाचीलो' म्हणजे कुठलंही पेमेंट, बिल भरलं तरी तेच.

भुसावळहून: रेकग्निशनला (चांगल्या कामाची दखल) 'प्रिझनान्ये' चालतं पण जपून भो, गुन्ह्याच्या कबुलीलाही तोच शब्द आहे, एकटा बटणावर नको टाकू. बक्षीस असेल तर 'नग्रादा'. आणि 'रेग्रेस' बोनसमधे अजिबात ढकलू नको, तो सुट्टीचा भत्ता, कायद्याने १ जुलैपर्यंत द्यावाच लागतो न किमान वेतनाहून कमी चालत नाही, कामगाराच्या हक्काचा पैसा आहे तो, वेगळाच दिसला पाहिजे.

धुळ्याहून: हो, आणि आकड्यांचं पण बघ, त्यांच्याकडे द्विवचन आहे, म्हणजे दोनासाठी शब्दाचं वेगळं रूप. 'कामगार' शब्दच घे: १ देलावेत्स, २ देलाव्त्सा, ३-४ देलाव्त्सी, ५ ते १०० देलाव्त्सेव्ह. डेव्हलपरला चार फॉर्म आत्ताच मागून ठेव.