आईच्या लुगड्यांच्या गोधड्या: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आई जाऊन सात महिने झाले. तिची अकरा नऊवारी लुगडी ट्रंकेत तशीच होती. उघडलं की तिचा वास यायचा आणि मी झाकण लावून टाकायचे. संक्रांतीनंतर शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, गोधड्या शिवूया की." तेव्हापासून दर रविवारी आम्ही सहा-सातजणी ओसरीवर बसतो. कुणाचा नवरा गेलाय, कुणाचं तान्हं बाळ. धावदोरा घालता घालता बोलणं होतं, कधी नुसतंच रडणं. इतक्या दिवसांत मला मोकळं वाटलं ते तिथेच.

एड्सने गेलेल्यांच्या आठवणीत १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अशीच एक भलीमोठी गोधडी सुरू झाली होती, प्रत्येकाच्या नावाचा ३ बाय ६ फुटांचा तुकडा. ते वाचल्यापासून आम्हीही गेलेल्या माणसाचं नाव गोधडीच्या कोपऱ्यात टाक्यांनी घालतो.

चार गोधड्या तयार आहेत. परळला टाटा रुग्णालयात गावाकडून येणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना त्या द्याव्यात असं मनात आहे. थेट जाऊन द्याव्यात, की एखाद्या धर्मशाळेमार्फत? कुणी असं काही दिलंय का? आणि गेलेल्याचं नाव असलेली गोधडी आजारी माणसाच्या घरच्यांना खटकेल का? हे मला फार छळतंय. खटकणार असेल तर नावं उसवून टाकू.

अजून एक. आईचं हिरवं इरकली लुगडं इतकं विरलंय की सुई घातली की फाटतं. खाली कसलं कापड लावलं तर ते टिकेल? तेवढं एक मला घरी ठेवायचंय.