फायनान्स कंपनी अवसायनात गेली: ठेव सासऱ्यांची, कर्ज माझं. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सासऱ्यांची मुदत ठेव एका एनबीएफसीत (बँक नसलेल्या फायनान्स कंपनीत) आहे. मुदत संपल्यापासून "पुढच्या आठवड्यात या" एवढंच ऐकतोय. आता रिझर्व्ह बँकेच्या अर्जावरून एनसीएलटीने (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने) कंपनी गुंडाळायचा आदेश देऊन अवसायक (कंपनीची देणी-येणी निस्तरणारा अधिकारी) नेमलाय. दावे मागवणारी नोटीस पेपरात आली, तीही टेंडरांच्या गर्दीत, मुंगीएवढ्या टायपात. सासरे भिंग घेऊन शब्दकोडं सोडवतात म्हणून सापडली!

एजंट म्हणतो, मूळ पावत्यांवर मागे सही करून द्या, सगळ्यांचा दावा एकत्र लावतो. द्यायच्या का? सासूबाईंचं ठाम मत की लायसन रिझर्व्ह बँकेचं, म्हणजे 5 लाखांचा विमा असणारच. शिवाय याच कंपनीचं माझ्या नावावर दुचाकीचं कर्ज आहे. ते आपले पैसे देत नाहीत, तर हप्ते का भरायचे, असा घरात सूर आहे.

प्रतिसाद १
पावत्या अजिबात देऊ नका. मागे सही केलेली पावती म्हणजे पैसे मिळाल्याची पोच, उद्या तीच तुमच्यावर उलटेल. दावा थेट अवसायकाकडे, नोटिशीतल्या तारखेच्या आत, झेरॉक्स जोडून. पोच घ्याच.

विम्याचं विसरा. डीआयसीजीसीचं (ठेव विमा महामंडळाचं) संरक्षण बँकेतल्या ठेवींना असतं, एनबीएफसीतल्या नाही. वसुलीतून आधी तारण असलेले धनको (कंपनीला कर्ज देणारे) आणि कामगार, मग सरकारी कर वगैरे, त्यानंतर तुमच्यासारखे विनातारण ठेवीदार. पूर्ण रक्कम धरून चालू नका.

ठेव परत मागितल्याचं पत्र आहे का? रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम 45एमसीप्रमाणे रास्त मागणी पाच कामाच्या दिवसांत पुरी झाली नाही आणि रिझर्व्ह बँकेने तसं लेखी प्रमाणित केलं, की कंपनी देणी फेडायला असमर्थ धरतात. असं पत्र दाव्यालाही जोडा.

प्रतिसाद २
हप्ते थांबवू नका. कंपनीची येणी वसूल करणं हे अवसायकाचं कामच आहे. फक्त कोणत्या खात्यात भरायचे ते त्याच्याकडून लेखी घ्या, एजंटच्या हातात रोख नको. ठेव आणि कर्ज एकाच माणसाचं असतं तर वजावट (ठेव कर्जात वळती करणं) मागता आली असती. इथे नावं वेगळी. आणि वेगळा दावा कोर्टात टाकायचा विचार असेल तर आधी एनसीएलटीची परवानगी लागते.

धागाकर्ता
आभार! पावत्या अजून कपाटातच आहेत. एक पावती मात्र सासू-सासऱ्यांच्या संयुक्त नावावर आहे. तिचा दावा दोघांच्या सहीने करायचा की पहिल्या नावाची सही पुरते?