मदत हवी आहे : अर्थशास्त्रातील ऑस्ट्रियन संप्रदायानुसार तेजी-मंदीचे मूळ कारण नेमके कोणते?

सिद्धेश्वरपेठ : सोमवारी मला ऑस्ट्रियन व्यापारचक्र सिद्धांतावर सादरीकरण करायचे आहे. बँकांनी पतविस्तार करून (बचतीपेक्षा जास्त कर्जे वाटून) व्याजदर नैसर्गिक दराच्या, म्हणजे बचत आणि गुंतवणूक यांचा मेळ घालणाऱ्या दराच्या, खाली आणला, की उद्योजक दीर्घ मुदतीच्या कामांत पैसा घालतात आणि त्यांना पुरेल एवढी खरी बचत नसल्यामुळे पुढे मंदी येते, इथवर समजले. पण मूळ कारण कोणते म्हणायचे? प्रत्येक लेखक वेगळे सांगतो. कृपया लवकर उत्तर द्यावे.

चाटीगल्ली : कोणते लेखक वाचलेत, ते लिहा. व्याजदर पडणे हे कारण मानायचे की तो पाडणारा, हे दोन निराळे प्रश्न आहेत.

मागवाला : पुस्तके बाजूला ठेवा. मे 2020 मध्ये रेपो दर 4 टक्क्यांवर आला, तेव्हा आमच्या ओळीतल्या कारखानदारांनी कर्ज काढून रेपिअर माग बसवले. फेब्रुवारी 2023 मध्ये तोच दर साडेसहा झाला. हप्ता वाढला, टॉवेलची मागणी मात्र होती तिथेच राहिली. कारण म्हणजे रिझर्व्ह बँक, विषय संपला.

चाटीगल्ली : विषय संपला नाही. त्या काळात कोरोनाही होता, त्यामुळे या उदाहरणावरून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय या सिद्धांताचा भर हप्त्यावर नाही. सगळ्यांनी एकदम माग बसवले आणि सूत व कारागीर तेवढेच राहिले, तर त्यांचे भाव चढून प्रत्येकाचा हिशेब कोलमडतो, असे तो सांगतो.

हुतात्माबाग : स्पर्धा परीक्षेला हा भाग विचारत नाहीत. त्यापेक्षा चलनवाढ पक्की करा.

सिद्धेश्वरपेठ : मी एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सिद्धांताचे मूळ लेखक मिझेस आणि हायेक वाचले आहेत. मार्गदर्शकांचा प्रश्न असा आहे, की उद्योजक दर वेळी एकाच रीतीने कसे फसतात?

चाटीगल्ली : हे आधीच लिहायचे होते! याच संप्रदायातील लाखमन यांनी 1943 मध्ये अपेक्षांचा, म्हणजे उद्योजकांच्या भविष्याविषयीच्या अंदाजांचा, हाच मुद्दा काढला होता. त्यावर मिझेस यांनी त्याच वर्षी मान्य केले, की पुढे व्यापारी स्वस्त पैशाला वेगळा प्रतिसाद देऊ शकतील. दुसरे उत्तर असे, की एकट्याने स्वस्त कर्ज नाकारले तर ते शेजारचा घेतो आणि बाजारही तोच मारतो, त्यामुळे धोका दिसत असूनही कर्ज उचलले जाते. मला हे उत्तर अधिक पटते.

मागवाला : हे मात्र खरे. शेजारच्याने घेतले म्हणूनच मीही घेतले.

रेल्वेलाईन्स : आपण दोघेही मूळ वाद टाळत आहात. मिझेस यांचा रोख दर कृत्रिमरीत्या कमी ठेवण्याच्या धोरणावर आहे. हायेक यांनी 1929 मध्ये निराळे मांडले : नफ्याची आशा वाढून नैसर्गिक दर वर गेला आणि बँका जुन्याच दराने कर्ज देत राहिल्या, तरी चक्र सुरू होते. त्यासाठी कोणी दर पाडायची गरजच नसते. आता मिझेस यांचे शिष्य रोथबार्ड यांना विचाराल, तर ते आंशिक राखीव निधीवर चालणाऱ्या (ठेवींचा थोडाच भाग राखून बाकीचा कर्जाऊ देणाऱ्या) बँकिंगलाच दोष देतील आणि शंभर टक्के राखीव निधी मागतील.

चाटीगल्ली : मुक्त बँकिंगचे समर्थक सेल्जिन आणि व्हाइट यांना तेही मान्य नाही. मध्यवर्ती बँक नसेल, तर बँकांमधील परस्पर समाशोधनामुळेच (एकमेकींची देणी चुकती करावी लागत असल्यामुळेच) पतविस्ताराला लगाम बसतो, असे ते म्हणतात.

सिद्धेश्वरपेठ : मग 1932 मध्ये केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ स्राफा यांनी ‘नैसर्गिक दर एकच नसतो’ असा आक्षेप घेतला, त्याचे काय करायचे?

रेल्वेलाईन्स : तो आधी मांडा. दर अनेक असू शकतात, हे हायेक यांनी त्याच वर्षी उत्तरात मान्य केले. मग बँकेने कोणत्या दराच्या खाली कर्ज दिले म्हणायचे, हे मिझेसवाद्यांनी सांगावे.