मदत हवी आहे: क्लस्टरच्या कंप्यूट नोडवरचा (जड गणना करणाऱ्या संगणकावरचा) व्हीएनसी, म्हणजे दूरच्या संगणकाचा डेस्कटॉप, घरून उघडत नाही

जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या अर्काइव्हमधून घेतलेला बँड ३ या वारंवारता पट्ट्याचा डेटा (फिट्स फाइल, साधारण ८० जीबी) विद्यापीठाच्या सामायिक क्लस्टरवर ठेवला आहे. घरी ४जी हॉटस्पॉट आहे, त्यामुळे तो इथे उतरवणं शक्य नाही.

कॅलिब्रेशन टीमक्समध्ये (टर्मिनलचं सत्र चालू ठेवणारं साधन) चालवते, लाइन तुटली तरी काम थांबत नाही. अडतंय ते कासा या रेडिओ डेटाच्या सॉफ्टवेअरमधल्या प्लॉटएमएस या आलेख काढणाऱ्या साधनात. एक्स फॉरवर्डिंगने (क्लस्टरवरच्या प्रोग्रामची खिडकी माझ्या लॅपटॉपवर दाखवणं), कॉम्प्रेशन लावूनही, एकेक आलेख उमटायला काही मिनिटं लागतात. आलेख फाइलमध्ये काढून पाहिले, पण खराब बेसलाइन (दोन अँटेनांच्या जोड्या) माउसने निवडून तपासायच्या आहेत. चांगला डेटा चुकून फ्लॅग व्हायला (खराब म्हणून वगळला जायला) नको.

लॉगिन नोडवर (क्लस्टरमध्ये शिरण्याच्या संगणकावर) व्हीएनसी एसएसएच टनेलमधून (सुरक्षित जोडणीतून) नीट उघडतो, पण तिथे जड काम करायला मनाई आहे आणि ते योग्यच आहे. स्लर्मने (क्लस्टरवर कामं वाटून देणारी प्रणाली) मिळालेल्या कंप्यूट नोडवर व्हीएनसी सुरू होतो, पण लॉगिन नोडमार्गे ५९०१ पोर्टवर टनेल केला की ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. नोडचं नाव आणि पोर्ट दोनदा तपासले, जॉबही चालू होता. व्हीएनसी सर्व्हर ‘लोकलहोस्ट’ पर्याय देऊन, म्हणजे फक्त त्याच नोडवरून जोडणी घेईल असा, सुरू केला होता.

लॅपटॉप विंडोजचा आहे, क्लस्टरवर रूट अधिकार नाहीत.

‘लोकलहोस्ट’ पर्याय काढणं सामायिक यंत्रणेवर सुरक्षित आहे का? की तो तसाच ठेवून प्रॉक्सीजम्पने (लॉगिन नोडमधून पुढे जाण्याची एसएसएचची सोय) थेट कंप्यूट नोडपर्यंत टनेल न्यायचा, आणि त्यासाठी एसएसएचची किल्ली (की) नेमकी कुठे ठेवायची?