ओईटी : रोजचं काम इंग्रजी कागदांवर, तरी रीडिंग आणि स्पीकिंगला अडले आहे

मिरजेची सिस्टर

नमस्कार. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), मिरजेत मेडिसिन वॉर्डला ड्यूटी करते. दहावीपर्यंत शिक्षण जत तालुक्यात, मराठी माध्यमात. यूकेला जायचं पक्कं ठरवलंय म्हणून ओईटी, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांची इंग्रजीची परीक्षा, दिली. लिसनिंगला ३६०, रायटिंगला ३१०, पण रीडिंगला ३२० आणि स्पीकिंगला ३३०. एनएमसीला (यूकेत नर्सची नोंदणी करणारी संस्था) रायटिंगमध्ये ३०० चालतात, बाकी तिन्हींत ३५० हवेत. म्हणजे दोन ठिकाणी अडकले.

केसपेपर, औषधांची माहितीपत्रकं, डॉक्टरांच्या ऑर्डरी हे सगळं मी रोज इंग्रजीतच वाचते. सराव पेपरात रीडिंगच्या पार्ट सीला मधुमेहाच्या पायाच्या जखमांवर उतारा होता, तसल्या जखमांचं ड्रेसिंग मी जवळपास रोज करते. तरी त्यातच सगळ्यात जास्त उत्तरं चुकली. हे असं का होतं, कुणी सांगेल का?

बोलण्याचं वेगळंच. आमच्याकडे पेशंट मराठी किंवा कन्नड बोलणारे, फार तर हिंदी. इंग्रजी बोलायचं कुणाशी? क्लास लावला होता, तिथे तयार वाक्यं पाठ करून घेतात. ती म्हणताना समोरच्या माणसाचं ऐकणंच राहून जातं. घरी सासूबाई आणि पाचवीतला मुलगा. नाईट सोडल्या तर दिवसाला तासभर मिळतो. तो कसा वापरू? काहीजण आयईएल्टीएसकडे (इंग्रजीची दुसरी, सर्वसाधारण परीक्षा) वळ म्हणतात, त्याबद्दलही सांगा.

पिंपरीकर

मी नर्स नाही, कॅनडासाठी आयईएल्टीएस दिली आहे, त्यामुळे तेवढ्यापुरतं सांगतो. तुम्हाला अकॅडमिक प्रकारची परीक्षा द्यावी लागेल. तिच्या रीडिंगला तीन लांब उतारे, ४० प्रश्न आणि ६० मिनिटं असतात. उतारा कशावरही येतो, मधमाश्यांपासून जुन्या जहाजांपर्यंत. एनएमसीला तिथे रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंगला ७ आणि रायटिंगला ६.५ लागतात. रायटिंगला एक आलेख वर्णन करायचा आणि एक निबंध लिहायचा, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. तुमचं रायटिंग ओईटीत पास आहे. ते सोडून इकडे येऊ नका असं माझं स्पष्ट मत.

सोलापूर ते लेस्टर

पिंपरीकर बरोबर सांगतायत, ओईटीच धर.

मी मूळची सोलापूरची. सध्या लेस्टरच्या एका रुग्णालयात वृद्धांच्या वॉर्डात आहे. भारतातून नव्याने आलेल्या मुली माझ्याबरोबर ड्यूटीला असतात, त्यामुळे तुझी अडचण मला चांगली ओळखीची आहे. आधी स्पीकिंग घेते.

स्पीकिंगला रोलप्ले असतो, म्हणजे कार्डावर दिलेला प्रसंग बोलून वठवायचा. त्यात तुझ्यासमोर पेशंट असतो किंवा त्याचा नातेवाईक. डॉक्टर किंवा दुसरी सिस्टर नसते. आणि तुझं रोजचं इंग्रजी हे डॉक्टरांशी आणि कागदाशी बोलायचं इंग्रजी आहे. तपासणारे नऊ गोष्टी बघतात. त्यातल्या चार भाषेच्या : उच्चार समोरच्याला कळतात का, बोलण्यात ओघ आहे का, प्रसंगाला शोभेल असं बोलतेस का, आणि व्याकरण व शब्द. उरलेल्या पाच संवादाच्या : नातं जुळवणं, पेशंटला काय वाटतं ते समजून घेणं, बोलण्याला क्रम देणं, माहिती काढून घेणं, माहिती देणं. आता बघ, पेशंटला तू 'एडिमा' म्हणालीस आणि तो गोंधळला, तर तुझा शब्द अचूक असूनही मार्क गेले. तिथे 'स्वेलिंग इन युअर अँकल्स' हवं. 'हायपरटेन्शन'ऐवजी 'युअर ब्लड प्रेशर इज अ बिट हाय'. 'निल बाय माउथ' (तोंडाने काही द्यायचं नाही) आपण पाटीवर लिहितो, पेशंटला 'प्लीज डोन्ट ईट ऑर ड्रिंक एनिथिंग आफ्टर मिडनाइट' असं सांगायचं.

इथे रोज कानावर काय पडतं तेही सांगते, म्हणजे अंदाज येईल. शौचाला झाली का हे विचारायला 'हॅव यू ओपन्ड युअर बॉवेल्स टुडे?'. लघवीच्या तक्रारीला म्हातारी माणसं 'वॉटरवर्क्स' म्हणतात. बरं वाटत नसेल तर 'फीलिंग पुअरली'. रक्त काढताना सुई टोचायच्या आधी सगळे 'शार्प स्क्रॅच' म्हणतात. आणि आमच्या भागातल्या आज्या पाणी दिलं तरी 'थँक यू, मी डक' (म्हणजे 'माझ्या बाळा') म्हणून हात धरतात. परीक्षेत यातलं काही बोलावं लागत नाही, पण पेशंटची भाषा किती साधी असते ते यावरून कळेल.

दुसरी गोष्ट, जी कुठल्याच क्लासात नीट शिकवताना मी पाहिली नाही. मराठीत आपला आदर क्रियापदातच बसलेला असतो. 'आजी, हात पुढे करा' म्हटलं की मान राखला गेला. तेच 'गिव्ह मी युअर हँड' झालं की दरडावल्यासारखं ऐकू येतं. तू मनाने नम्रच असतेस, पण ते ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाही. म्हणून 'कुड यू होल्ड युअर आर्म आउट फॉर मी?', 'इज इट ऑल राइट इफ आय चेक युअर ब्लड प्रेशर?', 'वुड यू लाइक टु सिट अप अ लिटल?' हे तिन्ही साचे जिभेवर बसव. वाक्य बदललं तरी साचा तोच राहतो.

सरावाला माणूस नाही म्हणतेस, पण मुलगा पाचवीत आहे ना? त्यालाच पेशंट कर. इन्हेलर कसा घ्यायचा ते त्याला इंग्रजीत समजाव. मध्येच थांबून विचार, 'कॅन यू शो मी हाऊ यू विल यूज इट?'. त्याने बरोबर करून दाखवलं तर तुझे शब्द योग्य होते. नाही जमलं तर त्याच्यावर चिडू नकोस, वाक्य आणखी सोपं कर. थोडं सांगायचं, कळलं का बघायचं, मग पुढचं सांगायचं, हीच सवय परीक्षेत मोजली जाते. पुढच्या दिवशी विषय बदल : घरी जाताना ड्रेसिंगची काळजी, इन्सुलिन कुठे ठेवायचं, तोल जाणाऱ्या माणसाने रात्री उठायचं कसं.

तो झोपल्यावर त्या दिवशीचा एक पेशंट डोळ्यांसमोर आण. नाव घेऊ नकोस, प्रसंग घे. तीन मिनिटं विचार आणि पाच मिनिटं फोनवर बोलून रेकॉर्ड कर, कारण परीक्षेतही कार्ड वाचायला साधारण तेवढाच वेळ आणि बोलायला पाच मिनिटं असतात. असे दोन रोलप्ले होतात. दुसऱ्या दिवशी ऐक, पण चुका मोजायला बसू नकोस. पेशंट जे बोलला असता त्यातला एक तरी शब्द तू परत उचललास का, एवढंच बघ. 'आय अंडरस्टँड हाऊ यू फील' हे पाठ केलेलं वाक्य म्हणूनच खोटं वाटतं, त्यात समोरच्याचं काहीच नसतं. 'यू सेड यू आर वरीड अबाउट गोइंग होम अलोन. व्हॉट वरीज यू मोस्ट?' हे म्हणायला ऐकावंच लागतं.

उच्चारांचं फार मनावर घेऊ नकोस. मराठी वळण असलं तरी चालतं. फक्त शब्दाच्या कुठल्या भागावर जोर द्यायचा ते सांभाळ, आपण सगळीकडे सारखा देतो. 'डिस्चार्ज', 'अपॉइंटमेंट', 'पेनकिलर' असे तुझ्या कामातले शब्द आधी घे.

रीडिंगमध्ये पार्ट एबद्दल एवढंच : १५ मिनिटांत चार मजकूर आणि २० प्रश्न. चारही मजकूर वाचत बसायचं नाही. शीर्षकं आणि तक्ते बघून घे, मग प्रश्नाकडे जा आणि तिथून मजकुरात शोध. उत्तर मजकुरातल्याच शब्दांत आणि अचूक स्पेलिंगने लिहायचं. वेळ संपली की पार्ट ए-कडे परत जाता येत नाही. पुढच्या ४५ मिनिटांत पार्ट बीचे सहा छोटे मजकूर दहा मिनिटांत संपव, म्हणजे सीच्या दोन उताऱ्यांना प्रत्येकी सतरा मिनिटं मिळतात. तुझ्या ओळखीच्या विषयातच का चुकतं ते मास्तर जास्त नीट सांगतील, ते इथे असतात.

निवृत्त मास्तर, कराड

आहे मी. इंग्रजी शिकवण्यातच आयुष्य गेलं, आणि सिस्टरांनी विचारलेला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

बाई, विषय ओळखीचा आहे म्हणूनच चुकतं. पर्याय वाचताच तुमचा अनुभव म्हणतो, 'हे खरं आहे', आणि तुम्ही खूण करता. पण विषयाबद्दल खरं काय असं प्रश्न विचारतच नाही. या परिच्छेदात या लेखकाने काय म्हटलंय, एवढंच विचारलेलं असतं. चार पर्यायांतले दोन तर वैद्यकीयदृष्ट्या अगदी बरोबर असू शकतात, फक्त ते त्या परिच्छेदात नसतात.

आयईएल्टीएसमध्ये यासाठी 'नॉट गिव्हन' नावाचं उत्तरच ठेवलेलं आहे. समजा मजकुरात आहे, 'दवाखाना शनिवारी सकाळी उघडा असतो.' आणि विधान आहे, 'दवाखाना रविवारी बंद असतो.' बहुतेक विद्यार्थी 'खरं' लिहितात. रविवारबद्दल मजकूर काहीच बोललेला नाही, म्हणून उत्तर 'नॉट गिव्हन'. ओईटीत हा पर्याय नसला तरी याच प्रकारच्या प्रश्नांचा सराव तुम्ही आठवडाभर करा. डोळ्याला शिस्त लागते.

मग पार्ट सीचा उतारा घ्या आणि पर्याय हाताने झाका. प्रश्न वाचा, परिच्छेद वाचा, उत्तर स्वतःच्या शब्दांत मराठीत वहीत लिहा. होय, मराठीत. कळलंय की नाही ते आपल्या भाषेत लगेच उघडं पडतं. त्यानंतर हात काढा आणि तुमच्या उत्तराच्या जवळचा पर्याय शोधा. ज्या ओळीवरून उत्तर मिळालं तिच्याखाली रेघ मारा. रेघ मारता येत नसेल तर तो पर्याय सोडायचा, मग तुमचा अनुभव काहीही सांगो.

आणखी एक. लेखकाचं मत विचारणारे प्रश्न येतात. तिथे 'हाऊएव्हर', 'ऑल्दो', 'मे', 'अपिअर्स टु', 'सो फार' अशा शब्दांपाशी थांबा. निष्कर्ष आशादायक आहेत, पण पाहणी लहान होती, असं लिहिणारा लेखक उत्साही नाही आणि विरोधातही नाही. तो सावध आहे. केसपेपरमध्ये असं वाक्य कधी नसतं. तिथे आकडे, औषधं, वेळा असतात. तुम्ही रोज वाचता ते माहितीचं वाचन, पार्ट सीला मतांचं वाचन लागतं, आणि त्याची सवय वेगळी करावी लागते. इंग्रजी दैनिकाचा आरोग्यावरचा एखादा अग्रलेख घ्या आणि प्रत्येक परिच्छेदाशेजारी एका शब्दात लिहा : लेखक इथे पाठिंबा देतोय, शंका घेतोय, की नुसतं सांगतोय. साध्या भाषेसाठी एनएचएसच्या (यूकेची सरकारी आरोग्यसेवा) संकेतस्थळावर आजारांची पानं फुकट आहेत. ती मोठ्याने वाचलीत तर सोलापूरच्या ताई म्हणतात ती पेशंटची भाषाही तोंडात बसेल.

मिरजेची सिस्टर

मास्तर, रात्री जुना सराव पेपर काढून तुम्ही सांगितलंत तसं केलं. ड्रेसिंगच्या उताऱ्यात माझ्या बहुतेक चुकलेल्या उत्तरांखाली रेघ मारायला ओळच सापडली नाही. आम्ही वॉर्डात जे करतो तेच मी निवडलं होतं. मनापासून आभार.

ताई, मुलाने इन्हेलर उलटा धरून दाखवला, मग मी तीनदा वाक्य बदललं. त्याला खूप मजा आली, आज पुन्हा खेळू म्हणतोय. एक विचारू? रोलप्लेमध्ये नातेवाईक रागावलेला असला की माझं डोकं बंद होतं. 'माझ्या वडिलांना दोन तास कुणी बघितलं नाही' असं कुणी म्हणालं की मी लगेच कारणं द्यायला लागते. आणि दोन परीक्षांचे मार्क एकत्र धरतात हे खरं का?

सोलापूर ते लेस्टर

मार्क एकत्र धरतात. दोन्ही परीक्षा १२ महिन्यांच्या आत असाव्या लागतात, आणि २०२३ पासून नियम असा आहे की कुठल्याही वेळी रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंग सी प्लस ग्रेडच्या खाली आणि रायटिंग सीच्या खाली गेलेलं नसावं. तुझे ३२० आणि ३३० सी प्लसमध्येच बसतात, म्हणजे तुझा हा निकाल वाया गेलेला नाही. फॉर्म भरायच्या आधी एनएमसीचं पान एकदा स्वतः वाच, नियम बदलत असतात.

रागावलेल्या नातेवाइकाला पहिल्या दोन वाक्यांत कारण द्यायचंच नाही. 'आय अॅम सॉरी युअर फादर हॅज हॅड टु वेट सो लाँग.' मग थांब, त्याला बोलू दे. परीक्षेतला समोरचा माणूस नक्की काहीतरी बोलतो, कारण त्याच्या कार्डावर तसं लिहिलेलं असतं. त्यानंतर 'कॅन यू टेल मी हाऊ ही इज फीलिंग नाऊ?'. मग तू काय करणार आहेस ते : 'आय विल चेक हिम राइट अवे, अँड देन आय विल कम बॅक अँड टेल यू व्हॉट हॅपन्स नेक्स्ट.' वॉर्डात दुसरी इमर्जन्सी होती हे त्याने विचारलं तरच सांग, आणि तेही एका वाक्यात.

रविवारी मला सुट्टी असते. आमची दुपार म्हणजे तुमची संध्याकाळ. खासगी निरोपात तुझी वेळ कळव, पहिल्या रोलप्लेला रागावलेला मुलगा मी होते.