मदत हवी आहे: प्रोसेसरचे आठ कोअर लावले तरी प्रोग्रॅम उलट हळू चालतोय

अनुस्वार: पॅरलल प्रोग्रॅमिंग शिकतोय. मोठ्या ॲरेतले सम आकडे मोजायचे, एवढंच काम. एका थ्रेडवर (प्रोग्रॅमची स्वतंत्र चालणारी शाखा) पटकन होतं, आठ थ्रेड केले की दुप्पट वेळ! उत्तर बरोबर येतं, आठही कोअर शंभर टक्के दिसतात. मग वेळ जातो कुठे? उद्या दाखवायचंय, प्लीज लवकर सांगा.

रात्रपाळी: भाषा कुठली? ॲरे केवढा? कंपायलरचं ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करण्याची सोय) चालू आहे का? कोड टाका की.

समांतररेषा: पायथन असणार. नेहमीच्या पायथनमध्ये जीआयएल या अंतर्गत कुलुपामुळे (लॉक) एका वेळी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवतो. मल्टिप्रोसेसिंग (थ्रेडऐवजी वेगळ्या प्रोसेस) वापरा, विषय संपला.

जुना_कंपायलर: आठही कोअर पूर्ण व्यस्त आहेत म्हणतोय ना तो? जीआयएल आड आला असता तर असं दिसलं नसतं.

गोफण: रस्ट भाषा शिका. सेफ रस्टमध्ये डेटा रेस (एकाच डेटावर थ्रेडची एकदम लिहा-वाच) असेल तर कोड कंपाइलच होत नाही.

रात्रपाळी: उत्तर बरोबर येतंय, रेसची तक्रार केली कुणी? फोरमच्या प्रत्येक धाग्यावर रस्ट कशाला?

अनुस्वार: सी++, ओपनएमपी (लूप थ्रेडमध्ये वाटून देणारी सोय). दहा कोटी इंट (पूर्णांक). लॉक नको म्हणून आठ खान्यांचा मोजणी-ॲरे केलाय. सम आकडा दिसला की थ्रेड फक्त स्वतःच्या खान्यात एक वाढवतो.

जुना_कंपायलर: हे आधी सांगायचं! याला फॉल्स शेअरिंग म्हणतात. खाने वेगळे असले तरी आठ इंट म्हणजे जेमतेम ३२ बाइट, आणि नेहमीच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरवर कॅशलाइन (कॅश, म्हणजे कोअरजवळच्या वेगवान मेमरीत, एकदम आणला जाणारा तुकडा) ६४ बाइटची. म्हणजे सगळे खाने एकाच, फार तर दोन लाइनींत. एका कोअरने आपल्या खान्यात लिहिलं की बाकीच्यांकडची ती अख्खी लाइन बाद होते, त्यांना ती परत मागवावी लागते. प्रत्येक सम आकड्याला हेच. कोअर व्यस्त दिसतात, पण असतात ताटकळत. मोजणी-ॲरे काढ, साधा एकूण ठेव आणि लूपच्या प्रॅग्मात (ओपनएमपीला सूचना देणाऱ्या ओळीत) त्यावर रिडक्शन लाव. प्रत्येक थ्रेड स्वतःच्या प्रतीत मोजेल, बेरीज शेवटी होईल.

गोफण: किंवा प्रत्येक खाना ६४ बाइटवर अलाइन करा, म्हणजे तो वेगळ्या लाइनीत जाईल.

जुना_कंपायलर: रिडक्शन असताना कशाला?

समांतररेषा: ॲमडालचा नियमही वाचा, १९६७ चा. ९० टक्के काम समांतर असेल तर आठ कोअरवर वेग ४.७ पटच वाढतो.

रात्रपाळी: तो नियम वेग कुठवर वाढेल ते सांगतो. इथे घटलाय.

नवशिका: याच विषयावर विचारतो, कुडासाठी (एनव्हिडियाच्या ग्राफिक कार्डवर प्रोग्रॅम चालवायची सोय) कुठलं ग्राफिक कार्ड घेऊ?

रात्रपाळी: वेगळा धागा काढा.

अनुस्वार: रिडक्शन लावलं, फरक लगेच दिसला! जुना_कंपायलर, मनापासून आभार. पण वेग तिप्पटच झाला, आठपट का नाही?

रात्रपाळी: दहा कोटी इंट म्हणजे ४० कोटी बाइट, कॅशमध्ये मावणार नाहीत. सम-विषम बघायला वेळच लागत नाही, बहुतेक वेळ रॅममधून आकडे आणण्यात जात असणार. ती वाट आठही कोअरना मिळून एकच. चार थ्रेडवर चालवून बघ, जवळपास तेवढाच वेळ आला तर हेच कारण. आणि ऑप्टिमायझेशनचं अजून सांगितलं नाहीस.